दोन कमोडोर ६४ जोडून रिमोट डीबगर: एका मशीनवर बसून दुसऱ्यातला प्रोग्रॅम थांबवा, वाचा, बदला

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत, काही मोठं लिहायला घेतलं की एक अडचण ठरलेली असते. प्रोग्रॅम अडकतो, स्क्रीन गोठते, कीबोर्ड दाद देत नाही, आणि आत नेमकं काय बिघडलं ते पाहायला दरवाजाच उरत नाही. त्याच मशीनमध्ये मॉनिटर, म्हणजे मेमरी पाहायचा आणि बदलायचा प्रोग्रॅम, आधीपासून लोड करून ठेवला तरी भागत नाही. त्याला स्क्रीन हवी, कीबोर्ड हवा, काही किलोबाइट मेमरी हवी, झिरो पेजमधल्या, म्हणजे मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटमधल्या, जागा हव्यात. ज्याची तपासणी करायची त्याच्याच ताटात तो जेवायला बसतो.

यावर चांगला इलाज म्हणजे दुसरं कमोडोर ६४ शेजारी ठेवून दोन्ही केबलने जोडणं. ज्यावर प्रोग्रॅम चालतो ते टार्गेट आणि ज्यावर आपण बसतो ते कंट्रोलर, अशी नावं या लेखात वापरतो. टार्गेटमध्ये ठेवायचा तुकडा, म्हणजे स्टब, जितका लहान आणि जितका अडाणी ठेवता येईल तितका ठेवायचा. त्याला तीनच गोष्टी याव्यात: एक बाइट वाचणे, एक बाइट लिहिणे, पुढे चालू करणे. ब्रेकपॉइंटची (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा त्या जागांची) यादी, डिसअसेंब्ली (मशीन कोडच्या आकड्यांवरून सूचना वाचणं), रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागा) दाखवणं, एकेक पाऊल चालवणं ही सगळी हुशारी कंट्रोलरकडे. इथे दिलेला स्टब १६२ बाइटचा आहे आणि तो झिरो पेजला अजिबात हात लावत नाही.

लेखातले पत्ते आणि मशीन कोड दशमान आकड्यांत आहेत, जुन्या डेटा ओळींमध्ये असायचे तसेच. बेसिकचे शब्द देवनागरीत लिहिले आहेत; मशीनवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे. पीक म्हणजे एखाद्या पत्त्यावरचा बाइट वाचणं, पोक म्हणजे तिथे लिहिणं, सिस म्हणजे त्या पत्त्यावरचा मशीन कोड चालवणं.

हे जमतं कशामुळे

कमोडोर ६४ मध्ये ६५२६ ही आय/ओ चिप दोनदा बसवलेली आहे. तिला सीआयए म्हणतात. पहिल्या सीआयएची इंटरप्ट लाइन (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला सांगणारी तार) प्रोसेसरच्या आयआरक्यूला जाते, दुसऱ्या सीआयएची एनएमआयला; हे इंटरप्टचे दोन प्रकार. मागच्या बाजूचा युजर पोर्ट आहे तो दुसऱ्या सीआयएवर. आयआरक्यू प्रोग्रॅमला एसईआय ही सूचना देऊन बंद करता येतो, एनएमआय बंद करता येत नाही. म्हणजे युजर पोर्टच्या फ्लॅग-टू पिनवर बाहेरून एक छोटासा पल्स आला, तर कीबोर्ड मेलेल्या, एसईआय करून बसलेल्या प्रोग्रॅमलाही हातातलं काम सोडून आपल्या स्टबकडे यावंच लागतं.

तसाच पल्स पाठवायची सोयही त्याच पोर्टवर आहे. पोर्ट बी, म्हणजे पत्ता ५६५७७, वाचला किंवा लिहिला की पीसी-टू ही पिन एका क्लॉक सायकलपुरती खाली जाते. एका मशीनची पीसी-टू दुसऱ्याच्या फ्लॅग-टूला जोडली, आणि उलटही, की हँडशेक तयार होतो. मी बाइट लिहिला की तुला पल्स मिळतो. तू तो वाचलास की मला पल्स मिळतो. कुणीही कुणाची घाई करत नाही, त्यामुळे एक मशीन पाल आणि दुसरं एनटीएससी (टीव्हीच्या दोन वेगळ्या पद्धती) असलं, म्हणजे एक ०.९८५ मेगाहर्ट्झवर आणि दुसरं १.०२३ मेगाहर्ट्झवर चालत असलं, तरी फरक पडत नाही. स्क्रीन चिप मधेच प्रोसेसरची सायकल चोरते, त्याचाही त्रास नाही.

वीज आधी, केबल नंतर

दोन्ही मशीनचे पॉवर सप्लाय आधी मल्टिमीटरने तपासा. मूळचे इपॉक्सी भरलेले काळे ठोकळे आता खूप जुने झाले आहेत. त्यांचा रेग्युलेटर बिघडला की पाच व्होल्टची लाइन वर चढते आणि पहिला बळी मेमरी चिपचा जातो. ४.७५ ते ५.२५ च्या बाहेरचा आकडा दिसला तर तो सप्लाय मशीनला लावूच नका. अमेरिकेतून आणलेला ठोकळा १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट जाता कामा नये.

सामान फार नाही: ३.९६ मिलिमीटर अंतराचे २४ संपर्कांचे दोन एज कनेक्टर, एक मीटरच्या आतली रिबन केबल, ३३० ओहमचे आठ रेझिस्टर आणि एक पुश बटण. रेझिस्टर आणि केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतात. एज कनेक्टरसाठी थोडं फिरायची तयारी ठेवा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

युजर पोर्टच्या वरच्या रांगेत १ ते १२ आकडे, खालच्या रांगेत ए पासून एन पर्यंत अक्षरं. जी आणि आय ही अक्षरं वगळलेली आहेत. जोडणी अशी:

डेटाच्या आठ तारा सरळ. सी ला सी, डी ला डी, आणि तसंच ई, एफ, एच, जे, के, एल. प्रत्येक तारेत एक ३३० ओहमचा रेझिस्टर.
हँडशेकच्या दोन तारा उलटसुलट. ८ ही पीसी-टू, बी ही फ्लॅग-टू. एकाची ८ दुसऱ्याच्या बी ला, आणि त्याची ८ याच्या बी ला.
ग्राउंड: ए ला ए, एन ला एन.

बाकी काहीही जोडायचं नाही. २ वर पाच व्होल्ट आहेत. दोन सप्लाय एकमेकांना जोडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. १० आणि ११ वर नऊ व्होल्ट एसी आहे, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कनेक्टर उलटा घातला तर त्याचा सी हा संपर्क पोर्टच्या १० वर जातो आणि बी जातो ११ वर. म्हणजे नऊ व्होल्ट एसी सरळ आपल्या डेटा आणि हँडशेकच्या तारेतून दुसऱ्या मशीनच्या सीआयएमध्ये. ६५२६ आता कुणी बनवत नाही, कमोडोर कंपनीच १९९४ मध्ये बुडाली. म्हणून पोर्टच्या खाचेत बसणारी चकती कनेक्टरमध्ये घाला, वरच्या बाजूला ठळक खूण करा, आणि केबल घालताना-काढताना दोन्ही मशीन बंद ठेवा. हाताला स्थिर विजेचा चटका बसेल अशा कोरड्या हवेत पोर्टला बोट लावू नका.

रेझिस्टर काहीजण गाळतात. मी गाळू देणार नाही. स्टब लिहिताना चूक झाली आणि दोन्ही मशीन एकाच वेळी एकाच तारेवर बोलू लागली, तर चिप वाचवणारी तेवढीच गोष्ट असते.

स्टबच्या आधी तारांची परीक्षा

दोन्ही मशीन चालू करा. सुरुवातीला दोन्ही पोर्ट इनपुट असतात, त्यामुळे धोका नाही. टार्गेटवर प्रिंट पीक(५६५८९) असं एकदा करा, म्हणजे जुनी खूण पुसली जाईल. आता कंट्रोलरवर प्रिंट पीक(५६५७७) करा आणि टार्गेटवर पुन्हा प्रिंट पीक(५६५८९). उत्तर १६ आलं पाहिजे. ताबडतोब पुन्हा विचारलं तर ०, कारण हे रजिस्टर वाचलं की पुसलं जातं. हीच परीक्षा उलट दिशेनेही घ्या.

मग डेटा. कंट्रोलरवर पोक ५६५७९,२५५ करून पोर्ट आउटपुट करा आणि पोक ५६५७७,१७०. टार्गेटवर पीक(५६५७७) ने १७० दिसायला हवं. नंतर ८५. या दोन आकड्यांत बिट एकाआड एक उलटे असतात, त्यामुळे शेजारच्या दोन तारा चिकटल्या असतील तर लगेच कळतं. आकडा चुकीचा आला तर फरकाकडे पाहा: १७० ऐवजी १६२ आलं तर ८ च्या वजनाचा बिट, म्हणजे एफ ची तार. काम झालं की पोक ५६५७९,० करायला विसरू नका.

बोलणी कशी ठरवायची

आठच तारा आहेत आणि दोघांनाही त्यावर बोलायचं आहे. त्यामुळे कुणी कधी बोलायचं याचा नियम कडक हवा.

कंट्रोलर बाइट पाठवतो तेव्हा सोपं आहे: तो लिहितो, टार्गेट वाचतो, वाचण्यातूनच पोच मिळते. टार्गेटला उत्तर द्यायचं असतं तेव्हा चार पायऱ्या. कंट्रोलर आपला पोर्ट इनपुट करतो आणि ५६५७७ नुसताच एकदा वाचतो; त्या पल्सचा अर्थ, "मी गप्प झालो, तू बोल". टार्गेट पोर्ट आउटपुट करून बाइट लिहितो. कंट्रोलर तो वाचतो. टार्गेट पोर्ट परत इनपुट करतो आणि एकदा नुसतं वाचून कळवतो, "मीही गप्प झालो". या शिस्तीत दोन्ही बाजू एकाच क्षणी आउटपुट होऊच शकत नाहीत.

हुकूम तीन. १ म्हणजे वाच: मागोमाग पत्त्याचा खालचा बाइट, वरचा बाइट, आणि उत्तरात एक बाइट. २ म्हणजे लिही: खालचा, वरचा, किंमत. ३ म्हणजे चालू लाग.

"रजिस्टर दाखव" असा हुकूम यात नाही, आणि तो लागतही नाही. प्रोग्रॅम थांबतो तेव्हा सगळी रजिस्टरं स्टॅकवर ठेवलेली असतात, आणि स्टॅक म्हणजे २५६ ते ५११ या पत्त्यांवरची साधी मेमरी. स्टबने फक्त स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅक कुठवर भरला आहे तो आकडा, सांगायचा. बाकीचं कंट्रोलर वाच या हुकमानेच काढून घेतो. रजिस्टर बदलायचं असेल तर लिही.

टार्गेटचा स्टब

हे आकडे डेटा ओळींत घालून ४९१५२ पासून पोक करा. पोक करताना बेरीजही करत जा. बेरीज १८८१५ आली नाही तर सिस देऊ नका, आधी आकडे तपासा.

१६९,३२,१४१,२४,३,१६९,१९२,१४१,२५,३,१४१,२३,३,१६९,४४,१४१
२२,३,१६९,०,१४१,३,२२१,१७३,१३,२२१,१६९,१४४,१४१,१३,२२१,९६
७२,१३८,७२,१५२,७२,१७३,१३,२२१,४१,१६,२४०,७३
१६९,१६,१४१,१३,२२१,१७३,१३,२२१,१७३,१,२२१,१८६,१३८,३२,१३८,१९२
३२,१३१,१९२,२०१,३,२४०,४२,७२,३२,१३१,१९२,१४१,९२,१९२,१४१,१०४
१९२,३२,१३१,१९२,१४१,९३,१९२,१४१,१०५,१९२,१०४,२०१,२,२४०,९
१७३,०,०,३२,१३८,१९२,७६,६०,१९२
३२,१३१,१९२,१४१,०,०,७६,६०,१९२
१७३,१३,२२१,१६९,१४४,१४१,१३,२२१,१०४,१६८,१०४,१७०,१०४,६४
१७३,१३,२२१,४१,१६,२४०,२४९,९६
३२,१२३,१९२,१७३,१,२२१,९६
१६८,३२,१२३,१९२,१६२,२५५,१४२,३,२२१,१४०,१,२२१
३२,१२३,१९२,१६२,०,१४२,३,२२१,१७३,१,२२१,९६

पहिल्या दोन ओळी मांडामांडीच्या. ७९२-७९३ मधला एनएमआय व्हेक्टर (इंटरप्ट आला की कुठे जायचं तो पत्ता) ४९१८४ कडे वळतो, ७९०-७९१ मधला बीआरके या थांबवणाऱ्या सूचनेचा व्हेक्टर ४९१९६ कडे, आणि ५६५८९ मध्ये १४४ लिहून फ्लॅगचा एनएमआय सुरू होतो.

तिसरी ओळ एनएमआयचं प्रवेशद्वार. कर्नल, म्हणजे मशीनच्या रॉममधली मूळ प्रणाली, एनएमआयला रजिस्टरं ठेवत नाही, म्हणून ए, एक्स, वाय आपणच स्टॅकवर ढकलतो. पल्स फ्लॅगचा नसेल, म्हणजे कुणी रिस्टोअर की दाबली असेल, तर सरळ परत. बीआरके आला तर तीच तीन रजिस्टरं त्याच क्रमाने कर्नलने आधीच ढकललेली असतात, म्हणून तो वाटेत चौथ्या ओळीवर येऊन मिळतो. तिथून पुढे दोघांचा स्टॅक अगदी सारखा दिसतो.

चौथ्या ओळीत फ्लॅगचा एनएमआय तात्पुरता बंद होतो, नाहीतर येणारा प्रत्येक बाइट स्टबलाच अडवत बसेल. मग ५६५७७ एकदा वाचलं जातं. कंट्रोलरच्या दृष्टीने हा "मी थांबलो" चा पल्स. त्यानंतर स्टॅक पॉइंटर पाठवला जातो.

सातव्या आणि आठव्या ओळीत १७३,०,० आणि १४१,०,० दिसतात. तिथले दोन शून्य स्टब स्वतःच भरतो, येईल तो पत्ता तिथे लिहून. स्वतःचा कोड बदलणारा कोड एरवी मी टाळायला सांगेन, पण इथे तो योग्य आहे, कारण पॉइंटर ठेवायला झिरो पेजचे दोन बाइट लागले असते आणि तेच दोन बाइट टार्गेटमधल्या प्रोग्रॅमला हवे असण्याची शक्यता दाट.

कंट्रोलरकडची बाजू

हे ४३ बाइट कंट्रोलरमध्ये ४९१५२ पासून. बेरीज ५६६६.

१६२,२५५,१४२,३,२२१,१४१,१,२२१,१७३,१३,२२१,४१,१६,२४०,२४९,९६
१६२,०,१४२,३,२२१,१७३,१,२२१,१७३,१३,२२१,४१,१६,२४०,२४९
१७२,१,२२१,१७३,१३,२२१,४१,१६,२४०,२४९,१५२,९६

पाठवणं ४९१५२ वर, घेणं ४९१६८ वर. सिस देताना बेसिक ७८० मधला बाइट ए रजिस्टरमध्ये घालतं आणि परत येताना ए तिथेच ठेवतं. त्यामुळे बाइट पाठवायचा असेल तर पोक ७८०,किंमत आणि सिस ४९१५२. घ्यायचा असेल तर सिस ४९१६८ आणि मग पीक(७८०).

यावर बेसिकमध्ये तीन छोटी गोसब, म्हणजे उपप्रोग्रॅम, लिहा. वाचण्याची: १ पाठवा, पत्त्याचा खालचा आणि वरचा बाइट पाठवा, एक घ्या. लिहिण्याची: २, खालचा, वरचा, किंमत. चालू करण्याची: ३ पाठवा आणि लगेच पोक ५६५७९,० करून पोर्ट इनपुटवर आणा. शेवटची ही पायरी राहिली तर पुढच्या वेळी टार्गेट बोलायला लागेल तेव्हा कंट्रोलर अजून आउटपुटच असेल.

बेसिक सावकाश चालतं हे खरं, पण हँडशेकमुळे टार्गेट निमूटपणे थांबून राहतं. मोठा मेमरी डंप घेताना कंटाळा येऊ लागला की ही गोसब मशीन कोडमध्ये न्या. वेगासाठी स्टबमध्ये नवा हुकूम घालायचा मोह मात्र टाळा.

पहिली शिकार

टार्गेटवर ४९४०८ पासून हे सात बाइट पोक करा: १२०,२३८,३२,२०८,७६,१,१९३. पहिलाच बाइट एसईआय. पुढे ५३२८० मधला बॉर्डरचा रंग वाढवत राहायचं आणि परत ४९४०९ वर उडी. आता टार्गेटवर सिस ४९१५२ देऊन स्टब तयार करा, आणि मग सिस ४९४०८.

बॉर्डरवर रंगांचे पट्टे सळसळू लागतील. रन-स्टॉप दाबा, काही होणार नाही. रिस्टोअर दाबा, काही होणार नाही. या मशीनला एरवी रीसेट हाच उपाय होता.

कंट्रोलरवर आधी पोक ५६५७९,० आणि एकदा पीक(५६५८९) करून घ्या. मग फक्त एवढंच: प्रिंट पीक(५६५७७).

शेजारच्या स्क्रीनवरचे पट्टे जागच्या जागी थांबतात, बॉर्डर एकाच रंगाची होते. एका पीकने दुसरं मशीन थांबवलं. कंट्रोलरवर पीक(५६५८९) मध्ये १६ ची खूण दिसेल. आता सिस ४९१६८ करा. ७८० मध्ये स्टॅक पॉइंटर आला आहे. त्याला एस म्हणू. वाच हुकमाने पाहा:

२५७+एस वर वाय, २५८+एस वर एक्स, २५९+एस वर ए, २६०+एस वर स्टेटस, २६१+एस आणि २६२+एस वर प्रोग्रॅम काउंटरचा खालचा आणि वरचा बाइट.

वरचा बाइट १९३ येईल, खालचा १ किंवा ४. प्रोग्रॅम नेमका कुठे होता ते कळलं: ४९४०९ किंवा ४९४१२.

आता ४९४१० या पत्त्यावर ३३ लिहा आणि ३ पाठवून चालू करा. बॉर्डर स्थिर राहील आणि स्क्रीनची पार्श्वभूमी रंग बदलू लागेल, कारण चालू प्रोग्रॅममधला ५३२८० आपण ५३२८१ केला. टार्गेटच्या कीबोर्डला कुणी हातही लावला नाही.

ब्रेकपॉइंट

ब्रेकपॉइंट म्हणजे इन्स्ट्रक्शनच्या पहिल्या बाइटच्या जागी ०, म्हणजे बीआरके. मूळ बाइट कंट्रोलरच्या यादीत जपून ठेवायचा. वरच्याच उदाहरणात टार्गेट पुन्हा थांबवा, ४९४१२ वरचा ७६ टिपून घ्या, तिथे ० लिहा आणि चालू करा. बीआरकेला एसईआयची पर्वा नसते, त्यामुळे टार्गेट लगेच थांबेल आणि ५६५८९ मध्ये खूण येईल.

खूण येण्याची वाट पाहायला बेसिकची वेट आज्ञा वापरावीशी वाटते. वापरू नका, वेट रन-स्टॉपनेही सुटत नाही. पीक आणि गेट यांचा साधा लूप ठेवा, म्हणजे वाट पाहताना कळ दाबून टार्गेट मुद्दाम थांबवताही येतं. एक दक्षता: ब्रेकपॉइंट लागण्याच्याच क्षणी तुम्ही थांबवण्याचा पल्स दिला, तर एक पल्स जास्तीचा होतो आणि बोलणी एका पायरीने चुकते. असं क्वचित होतं, पण एस ची किंमत विचित्र वाटली तर पहिला संशय याचाच घ्या.

थांबल्यावर प्रोग्रॅम काउंटर वाचला तर ६ आणि १९३ दिसतील, म्हणजे ४९४१४. बीआरके स्वतःच्या पत्त्यात २ मिळवून ढकलतो. म्हणून चालू करण्याआधी कंट्रोलरने दोन वजा करून ४ आणि १९३ स्टॅकवर परत लिहायचे आणि मूळ ७६ जागेवर ठेवायचा. पण एनएमआयने थांबलेल्या प्रोग्रॅममधून दोन वजा केले तर सगळंच बिघडेल. कुठल्या दाराने आलो ते ओळखायला स्टेटसमधला १६ चा बिट पाहा. तो फक्त बीआरकेच्या वेळी १ असतो.

ही खूण आणखी एका जागी उपयोगी पडते. जुन्या ६५०२ घराण्यात, म्हणजे इथल्या ६५१० मध्येही, बीआरके चालू असतानाच एनएमआय आला तर प्रोसेसर बीआरकेचा व्हेक्टर सोडून एनएमआयच्या व्हेक्टरवर जातो. अनेक मॉनिटर अशा वेळी ब्रेकपॉइंट हरवून बसतात. आपल्या स्टबमध्ये दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी मिळतात आणि निर्णय स्टेटसच्या बिटवर होतो, म्हणून तो हरवत नाही.

एकेक पाऊल चालवणं हेही ब्रेकपॉइंटचंच काम. सध्याच्या इन्स्ट्रक्शनची लांबी तक्त्यातून काढा, पुढच्या पत्त्यावर तात्पुरता बीआरके ठेवा, चालू करा, थांबलं की काढा. ब्रँच, म्हणजे अटीवरची उडी, असेल तर दोन्ही शक्यतांवर ठेवा. जेएसआर आणि जेएमपी या उडीच्या सूचनांचा पत्ता इन्स्ट्रक्शनमध्येच असतो. आरटीएस या परतीच्या सूचनेचा स्टॅकवर, एक कमी असलेला. अप्रत्यक्ष जेएमपीत मात्र सांभाळा: पत्त्याचा खालचा बाइट २५५ असेल तर वरचा बाइट पुढच्या पानावरून (पान म्हणजे २५६ बाइट) येत नाही, त्याच पानाच्या सुरुवातीवरून येतो. कायमचा ब्रेकपॉइंट ओलांडायचा असेल तर आधी असं एक पाऊल टाका, मग ० परत लिहा आणि मोकळं सोडा.

रॉममध्ये ब्रेकपॉइंट ठेवता येत नाही. लिहिलेला ० खालच्या रॅममध्ये जातो आणि रॉम तशीच चालत राहते.

वाचण्यानेही बिघडणाऱ्या जागा

मेमरी वाचणं निरुपद्रवी असतं अशी आपली समजूत असते. या मशीनवर काही पत्ते त्याला अपवाद आहेत. ५३२७८ आणि ५३२७९ मधल्या स्प्राइट टकरीच्या खुणा वाचताच पुसल्या जातात. ५६३३३ वाचलं तर पहिल्या सीआयएचा वाट पाहत असलेला आयआरक्यू नाहीसा होतो आणि प्रोग्रॅम पुढे वेगळाच वागतो. ५६५७७ आणि ५६५८९ वाचले तर आपली केबलच गोंधळते. सीआयएची रजिस्टरं दर १६ बाइटनी पुन्हा उमटतात, त्यामुळे ५६३२० ते ५६८३१ हा पट्टा डंपमधून सरळ वगळा आणि हवा असलेला एकच पत्ता समजून-उमजून वाचा.

प्रोग्रॅम थांबला तरी स्क्रीनची किरणरेषा आणि सीआयएचे टायमर थांबत नाहीत. रास्टरच्या ओळी मोजून चालणाऱ्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट ठेवला तर पुढची फ्रेम विस्कटलेली दिसणार. ती प्रोग्रॅमची चूक समजू नका. आरएस-२३२ किंवा युजर पोर्टवरून चालणारी वेगवान पॅरलल ड्राइव्ह केबल या रचनेसोबत चालत नाही.

कर्नल बाजूला ठेवणारे प्रोग्रॅम

बरेच गेम १ या पत्त्यावर ५३ लिहून कर्नल आणि बेसिक दोन्ही रॉम काढून टाकतात. मग व्हेक्टर रॅममधून घेतले जातात. एनएमआयसाठी ६५५३० मध्ये ३२ आणि ६५५३१ मध्ये १९२ लिहिलं की पुरे, कारण आपलं एनएमआयचं दार रजिस्टरं स्वतःच ढकलतं. बीआरकेला मात्र छोटी जोड लागते. ६५५३४-६५५३५ वरचा व्हेक्टर आपल्याकडे घ्या, ए, एक्स, वाय ढकला, टीएसएक्स करून स्टॅक पॉइंटर एक्समध्ये घ्या, २६०+एक्स वरचा १६ चा बिट तपासा; लागला असेल तर ४९१९६ वर उडी, नसेल तर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या आयआरक्यूकडे. तो आयआरक्यू रजिस्टरं पुन्हा ढकलत असेल, तर त्याच्याकडे जाण्याआधी आपली तिन्ही परत काढा. १ वर ५२ लिहिणाऱ्या प्रोग्रॅमपुढे उपाय नाही: तिथे आय/ओच दिसेनासं होतं, आणि स्टबला सीआयए सापडत नाही.

पुश बटण कशासाठी

६५१० मध्ये काही बेकायदेशीर ऑपकोड असे आहेत की ते लागले की प्रोसेसर कायमचा अडकतो. तिथे एनएमआयही पोचत नाही. भरकटलेला प्रोग्रॅम डेटामध्ये शिरला की असं होऊ शकतं. यासाठी टार्गेटच्याच टोकाला, युजर पोर्टच्या ३ आणि १ यांच्यामध्ये पुश बटण लावा. ३ ची तार केबलमधून पलीकडे नेऊ नका, नाहीतर कंट्रोलरही रीसेट होईल आणि ब्रेकपॉइंटची यादी जाईल.

रीसेटमध्ये मशीन शून्य, दोन आणि तीन ही पानं पुसतं, पण ४९१५२ च्या पुढचा भाग तसाच राहतो. बटण दाबा, टार्गेटवर सिस ४९१५२ द्या, कंट्रोलरवर ५६५८९ एकदा वाचून खूण पुसा आणि पीक(५६५७७) करा. व्हेक्टर पुन्हा जागेवर आलेले असतील, स्टब उत्तर देईल, आणि अडकण्याआधी प्रोग्रॅमने वरच्या मेमरीत जे लिहिलं होतं ते वाचता येईल. एक क्रमांकाचं, म्हणजे स्टॅकचं पान पुसलं जात नाही, पण रीसेटनंतर बेसिक तिथूनच स्टॅक वापरतं, म्हणून अडकण्याच्या क्षणीची रजिस्टरं मात्र मिळत नाहीत. ती हवी असतील तर संशयाच्या जागेच्या थोडं आधी ब्रेकपॉइंट ठेवून प्रोग्रॅम पुन्हा चालवावा लागतो.